एम-वन, एम-टू, एम-थ्री आणि एमएफई

एमएफई, म्हणजे फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या अमेरिकेतल्या मास्टर्सच्या अर्जाच्या पोर्टलवर एक तक्ता होता. डावीकडे विषयांची नावं, लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स, न्युमेरिकल मेथड्स, सी प्लस प्लस, आणि प्रत्येकापुढे रिकामे चौकोन: कोर्सचं नाव, कधी केला, पुस्तक कोणतं होतं, ग्रेड काय. मी मेकॅनिकलची. माझ्या मार्कशीटवर एम-वन, एम-टू, एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचे तीन पेपर, एवढंच छापलेलं. लिनिअर अल्जेब्रा म्हणावं असं काही शिकले असेन तर ते एम-वनच्या अर्ध्या भागात, मॅट्रिक्स आणि आयगेन व्हॅल्यू, तेही परीक्षेत हमखास येणारं गणित म्हणून पाठ केलेलं. आणि प्रोबॅबिलिटी एम-थ्रीच्या शेवटच्या युनिटमध्ये, जे आमच्या अर्ध्या वर्गाने ऑप्शनला टाकलं होतं. म्हणजे ऑप्शन या शब्दाशी माझी ओळख एवढीच, आणि मी निघाले होते ऑप्शन प्रायसिंग शिकायला, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा किंवा विकायचा जो हक्क बाजारात मिळतो त्याची किंमत काढायला.

हे सगळं २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं, २०२४ च्या फॉलसाठी, म्हणजे ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी. तेव्हा मी एका बँकेच्या रिस्क टीममध्ये होते. काम म्हणजे रोज सकाळी व्हॅल्यू ॲट रिस्कचा, म्हणजे वाईट दिवशी बँकेचं किती नुकसान होऊ शकतं याच्या अंदाजाचा आकडा सिस्टीममधून काढायचा, एक्सेलमध्ये चिकटवायचा, मेल करायचा, विषय संपला. २०२२ च्या मार्चमध्ये एक दिवस तो आकडा झपकन खाली आला, पोझिशन, म्हणजे बँकेच्या हातातले सौदे, तेच, बाहेर युद्ध सुरू झालेलं, मार्केट रोज वरखाली, आणि आमचा रिपोर्ट म्हणतोय रिस्क कमी झाली. मी घाबरून दोन तास चूक शोधली. चूक नव्हतीच. आमचा आकडा मागच्या ५०० दिवसांच्या हालचाली आजच्या पोझिशनवर लावून निघायचा, ९९ टक्क्यांचा व्हॅल्यू ॲट रिस्क म्हणजे त्या पाचशेतला पाचवा सगळ्यात वाईट दिवस, आणि झालं असं की मार्च २०२० चे ते भयंकर दिवस एकेक करून त्या ५०० च्या खिडकीतून बाहेर पडले होते. कॅलेंडर पुढे सरकलं म्हणून रिस्क कमी! हे मी टीममध्ये सांगितलं तर सगळ्यांना आधीच माहीत होतं, कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला मात्र तो आकडा काढणाऱ्या बाजूला जायचं होतं, चिकटवणाऱ्या बाजूला नाही. एमएफईचं खूळ डोक्यात शिरलं ते इथून.

आता पहिला घोळ म्हणजे नावं. एमएफई म्हणतात सगळे, पण त्या नावाची डिग्री थोड्याच ठिकाणी आहे. कार्नेगी मेलनमध्ये कॉम्प्युटेशनल फायनान्स, प्रिन्स्टनमध्ये मास्टर इन फायनान्स, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत तर दोन वेगवेगळे, कुरांट इन्स्टिट्यूटचा मॅथेमॅटिक्स इन फायनान्स आणि ब्रुकलिनला टँडनचा फायनान्शियल इंजिनिअरिंग. कोलंबियातही तसंच, इंजिनिअरिंग स्कूलमध्ये एक आणि मॅथेमॅटिक्सवाल्यांचा दुसरा. मी पहिल्या यादीत यातले दोन एकच समजून एकदाच लिहिले होते. कॉर्नेलमध्ये तो ऑपरेशन्स रिसर्चच्या एमइंजिनिअरिंगच्या पोटात आहे. नाव काहीही असो, बघायचं हे की कोर्स कुठल्या डिपार्टमेंटच्या घरात राहतो. गणितवाल्यांच्या घरात असेल तर स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस, म्हणजे रँडम हालचालींचं कॅल्क्युलस, नीट सिद्ध करून शिकवतील आणि तुमचं गणितही तसंच तपासतील, इंजिनिअरिंगच्या घरात असेल तर ऑप्टिमायझेशन, सिम्युलेशन जास्त, बिझनेस स्कूलच्या घरात असेल तर कामाचा अनुभव आणि बोलणं-चालणं यालाही वजन. बर्कलीचा तर फॉलला सुरूच होत नाही, स्प्रिंगमध्ये सुरू होतो आणि वर्षभरात संपतो, त्याच्या तारखा बाकी सगळ्यांपेक्षा वेगळ्या, हे मला उशिरा कळलं म्हणून तो यादीतून गेला.

कॉलेजमधला माझा एक सीनियर दोन वर्षं आधी असाच एक कोर्स करून नोकरीला लागला होता. त्याला मी माझी यादी, मार्क, सगळं पाठवलं आणि विचारलं, माझं कुठे होईल? त्याने जे सांगितलं ते तेव्हा मला फार उद्धट वाटलं. म्हणाला, "तू ॲडमिशन मागतेयस असं समजूच नकोस. तू ऑगस्टमध्ये तिथे उतरलीस तर ऑक्टोबरमध्ये तुला इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला बसवता येईल का, एवढंच ते बघतायत." म्हणजे बघा, कार्नेगी मेलनचा कोर्स सोळा महिन्यांचा, कुरांटचा तीन सेमिस्टरचा, दोन्हींत मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप. त्या इंटर्नशिपचे अर्ज तुमचं पहिलं सेमिस्टर सुरू होता होताच उघडतात. पहिल्या परीक्षेचा निकाल लागायच्या आधी तुमचा इंटरव्ह्यू झालेला असतो. मग तिथे शिकवून होईल असं काही धरताच येत नाही, जे काय येतं ते घरून घेऊनच यायला लागतं. हे एकदा डोक्यात बसलं की फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नाचा अर्थ लागायला लागतो. तो तक्ता का, सी प्लस प्लस आधीपासून का पाहिजे, व्हिडिओवर बोलायला का लावतात, सगळं.

तक्त्याचं मी काय केलं ते सांगते. आधी सरळ "इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स १" लिहून पुढे गेले. सीनियरने ते बघून कपाळावर हात मारला असणार. तिकडे बसलेल्या माणसाला एम-वन म्हणजे काय ते कसं कळणार, त्याला वाटेल बारावीचं कॅल्क्युलस असेल. मग जुन्या सिलॅबसची पीडीएफ शोधून प्रत्येक युनिट उघडलं आणि एका पानाचा मजकूर केला की अमुक कोर्समध्ये एवढे तास मॅट्रिक्स, रँक, आयगेन व्हॅल्यू, तमुकमध्ये लाप्लास आणि पार्शियल डिफरन्शियल इक्वेशन, अमुकमध्ये प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन. हे करताना जी भोकं दिसली ती अशी: लिनिअर अल्जेब्रा अर्धवट, प्रोबॅबिलिटी नावालाच, प्रोग्रॅमिंग म्हणजे पहिल्या वर्षाचं सी आणि ऑफिसातले मॅक्रो. ती भोकं झाकायला जागा नव्हती आणि झाकायचीही नव्हती. प्रोबॅबिलिटी आणि सी प्लस प्लसचे ऑनलाइन, परीक्षा असलेले, ग्रेड मिळणारे कोर्स केले. नुसता व्हिडिओ बघून मिळणारं सर्टिफिकेट आणि मार्क मिळणारा कोर्स यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिल्याला तिथे कुणी विचारत नाही. यातला एक कोर्स अर्ज भरेपर्यंत संपलाच नव्हता, त्याच्यापुढे "चालू आहे, डिसेंबरमध्ये संपेल" असं लिहिलं आणि निकाल आल्यावर अपडेट पाठवला.

मार्कांची पण एक गंमत. मला ६८ टक्के. आपल्याला माहितीय इंजिनिअरिंगला ६८ म्हणजे काय आणि टॉपरला किती पडतात, पण अमेरिकेत शंभरातले ६८ म्हणजे डी ग्रेड. मी रात्री कुठल्यातरी कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं, त्याने सरळ पंचविसाने भागून चारपैकी २.७२ दिलं आणि मी झोपलेच नाही. सकाळी पोर्टलची सूचना नीट वाचली तर तिथे स्पष्ट लिहिलेलं की परदेशी विद्यार्थ्यांनी मार्क बदलून देऊ नयेत, तुमच्या युनिव्हर्सिटीच्या पद्धतीत आहेत तसेच भरा. बऱ्याच ठिकाणी असंच असतं, काही ठिकाणी मात्र बाहेरच्या संस्थेकडून क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन मागतात आणि त्याला काही आठवडे जातात. सूचना वाचा. आधी वाचा, रडायचं नंतर.

जीआरई या प्रवेश परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २२ सप्टेंबर २०२३ पासून ती परीक्षा दोन तासांच्या आत आली, मी नवीनच दिली. क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला १६८, व्हर्बलला, म्हणजे भाषेच्या भागाला १५४. क्वांट १७० पैकी असतं आणि या कोर्सना अर्ज करणाऱ्यांत १६८-१७० वाल्यांची रांग लागलेली असते, त्यामुळे चांगला स्कोर आला म्हणून कुणी तुम्हाला घेत नाही, कमी आला तर मात्र लगेच डोळ्यात येतो. मी परत दिली नाही, तो वेळ सी प्लस प्लसला दिला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. एक मात्र, परीक्षेच्या दिवशी चार कॉलेजना स्कोर फुकट पाठवता येतात, ती नावं आधी ठरवून जा. मी तिथे बसून घाईत जी चार टाकली त्यातल्या दोन ठिकाणी नंतर अर्जच केला नाही.

आता एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारा अर्जातला निबंध. माझ्या पहिल्या ड्राफ्टची सुरुवात लहानपणापासून मला आकड्यांची आवड अशी होती. सीनियरने ती ओळ खोडून बाजूला फक्त "कुणाला नसते?" असं लिहिलं. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी प्रोफेसरांची नावं पेरली, कार्नेगी मेलनसाठी स्टीव्हन श्रीव्ह, कोलंबियासाठी इमॅन्युएल डरमन. डरमन हे केप टाऊनहून फिजिक्सची पीएचडी करायला कोलंबियात आलेले, पुढे गोल्डमन सॅक्स या बँकेत क्वांट, म्हणजे गणिताने किंमत आणि रिस्क मांडणारे, झालेले आणि मग परत कोलंबियात शिकवायला आलेले, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याला लिहायला एकदम मोहात पाडणारी गोष्ट. म्हणूनच ती लिहायची नाही. तिकडे अर्ज करणाऱ्या निम्म्या जगाने तेच नाव लिहिलेलं असणार, आणि माझ्याबद्दल त्यातून काय कळतं? काहीच नाही. तिसऱ्या ड्राफ्टमध्ये मी तो मार्च २०२२ चा खाली आलेला आकडा टाकला, खिडकी, ५०० दिवस, सगळं. आणि त्यानंतर माझ्या एका फसलेल्या प्रोग्रॅमची गोष्ट.

ती अशी की सी प्लस प्लस शिकताना मी एशियन ऑप्शनची किंमत मॉंटे कार्लोने काढत होते. या ऑप्शनचा पैसा शेवटच्या भावावर नाही तर मधल्या सगळ्या भावांच्या सरासरीवर ठरतो, आणि साध्या सरासरीसाठी साध्या ऑप्शनच्या ब्लॅक-शोल्स सूत्रासारखं सुटसुटीत सूत्र नाही, म्हणून भावाचे हजारो काल्पनिक रस्ते बनवून त्यांची सरासरी काढायची. यात अडचण ही की अचूकता वर्गमुळाने वाढते, चूक दहापट कमी करायची तर रस्ते शंभरपट लागतात. तर मी कोड लिहिला, चालवला, आणि स्टँडर्ड एरर, म्हणजे उत्तर साधारण किती चुकू शकतं तो आकडा, आला शून्य. शून्य! मी एवढी खूश झाले की स्क्रीनशॉट काढून सीनियरला पाठवला. त्याचा रिप्लाय, "अभिनंदन, तू अनिश्चितता संपवलीस." मग लक्षात आलं की रँडम नंबरचा जनरेटर मी लूपच्या आत बनवत होते, दर वेळी त्याच सीडने, म्हणजे सुरुवातीच्या त्याच आकड्याने, त्यामुळे एक लाख रस्ते म्हणजे एकच रस्ता एक लाख वेळा. जनरेटर लूपच्या बाहेर काढला तेव्हा खरा एरर दिसला आणि तो चांगलाच मोठा होता. मग जॉमेट्रिक सरासरीवाल्या ऑप्शनला सूत्र आहे ते कंट्रोल व्हेरिएट म्हणून वापरलं, म्हणजे ज्याचं उत्तर माहीत आहे त्याच्यात सिम्युलेशन किती चुकतंय ते बघून ज्याचं माहीत नाही त्याचं उत्तर दुरुस्त करायचं, आणि तेवढ्याच रस्त्यांत एरर एकदम बारीक झाला. ही शून्य एररची फजिती एसओपीत टाकू का नको यावर मी आठवडाभर विचार केला. टाकली. दोन इंटरव्ह्यूंमध्ये मला नेमकं तेच विचारलं, आणि दोन्ही वेळा समोरचा माणूस हसला.

रेकमेंडेशन हा वेगळाच अध्याय आहे. तीन पत्रं लागणार, दोन सरांची, एक मॅनेजरचं. मॅनेजरने अर्ध्या तासात भरून टाकलं. एका सरांनी म्हटलं, तूच लिहून आण, मी बघतो. मला ते नको होतं, एकतर ते बरोबर नाही आणि दुसरं म्हणजे माझी एसओपी आणि माझंच पत्र एकाच आवाजात बोलतंय हे वाचणाऱ्याला कळतंच. मग मी सरांना एक पान दिलं ज्यात फक्त घडलेल्या गोष्टी, कुठल्या वर्षी शिकवलं, प्रोजेक्टमध्ये काय अडलं होतं, कसं सुटलं, व्हायवाला त्यांनी काय विचारलं होतं. सर वाचून म्हणाले, अगं हे मी विसरूनच गेलो होतो. आणि त्यांनी स्वतः लिहिलं.

दुसऱ्या सरांची कथा अजून लांब. एका पोर्टलला पत्र देणाऱ्याचा कॉलेजचाच ईमेल पाहिजे होता, सर आयुष्यभर जीमेल वापरणारे. कॉलेजचा ईमेल होता पण पासवर्ड कुणालाच माहीत नाही. डेडलाइनला दोन दिवस. मी रजा टाकून कॉलेजात गेले, कॉम्प्युटर सेंटरमधल्या माणसाला शोधलं, त्याने पासवर्ड रीसेट केला, तर लिंक स्पॅममध्ये, आणि स्पॅम तीस दिवसांनी आपोआप साफ होतं म्हणून पहिली लिंक उडालेली. परत पाठवली. सर एका बोटाने टाइप करत बसले आणि मी केबिनच्या बाहेर बाकावर, कारण पत्र न बघण्याच्या अटीवर मी सही केलेली, आत थांबणं बरं दिसलं नसतं. मध्येच सर दारातून डोकावून विचारतात, "काय गं, इथं विचारलंय हा विद्यार्थी तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत कुठे बसतो, वरच्या दोन टक्क्यांत, पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत. मी दहा टाकलंय. खोटं कशाला सांगू?" मी म्हटलं, हो सर, बरोबर आहे सर. काय म्हणणार! तिसऱ्या मजल्यावरून उतरताना हसू यायला लागलं ते गेटपर्यंत थांबेना. पण सरांच्या दहा टक्क्यांना तिथे काय किंमत मिळाली हे मला कधीच कळणार नाही, आणि आता वाटतं मिळालीही असेल.

एकूण आठ ठिकाणी अर्ज केले. फी, स्कोर पाठवणं, ट्रान्सक्रिप्ट, सगळं मिळून हजार डॉलरच्या वर गेलं, ते कुठूनही परत येत नाही. राउंड असतात, पहिला बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास, मग जानेवारी, मग मार्च. मी पाच पहिल्या राउंडला केले, तीन जानेवारीला. परदेशातून येणाऱ्याने मार्चपर्यंत थांबू नये, पुढे व्हिसा असतो.

इंटरव्ह्यूंमध्ये एक प्रकार म्हणजे समोर कुणीच नाही, स्क्रीनवर प्रश्न, विचार करायला तीस सेकंद, बोलायला दीड मिनिट, आणि कोपऱ्यात आपलाच घाबरलेला चेहरा. मला आला होता, कोरिलेशन म्हणजे काय ते गणित न शिकलेल्या माणसाला समजावून सांगा. मी सूत्र सांगायला लागले आणि वीस सेकंदांनी लक्षात आलं की प्रश्नाच्या बरोबर उलट करतोय आपण. तिथून रिजेक्ट आला, योग्यच होता.

दुसरा प्रकार खऱ्या माणसाचा. त्या बाईंनी हसतखेळत सुरुवात केली, मग म्हणाल्या, नाणं उडवत राहायचं, छापा आणि लगेच नंतर काटा येईपर्यंत, सरासरी किती वेळा उडवावं लागेल? हे मला येत होतं. पहिला छापा यायला सरासरी दोन, त्यानंतर काटा यायला दोन, एकूण चार. "छान. आता लागोपाठ दोन छापे?" मी म्हटलं, तेच, चार, नाणं सारखंच आहे. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. ती शांतता फार तर पाच सेकंदांची असेल, मला तासाभराची वाटली. मग मी म्हटलं, थांबा, मी मांडून बघते. कागदावर लिहिलं: शून्यापासून लागणारे टॉस म्हणजे एक, अधिक अर्धी शक्यता की एक छापा हातात आहे, अधिक अर्धी शक्यता की परत शून्यावर. एक छापा हातात असताना लागणारे टॉस म्हणजे एक, अधिक अर्धी शक्यता की परत शून्यावर. दोन समीकरणं सोडवली, सहा आलं. "का वेगळं?" पहिल्या खेळात छाप्यानंतर परत छापा आला तरी काही बिघडत नाही, तो नवा छापा हातात राहतोच. दुसऱ्यात छाप्यानंतर काटा आला की सगळं पुसलं जातं, परत पहिल्यापासून. हे मी बोलता बोलताच मला कळत होतं, आधी माहीत नव्हतं. तिथे मला होकार आला. नंतर एका माहिती सत्रात त्यांनीच सांगितलं की चुकणारे चालतात, शांततेत गप्प बसणारे चालत नाहीत.

निकाल: तीन होकार, एक वेटलिस्ट, चार नकार. कुठले ते मुद्दाम लिहीत नाही कारण मग पुढचं कुणी वाचत नाही. बरूक मात्र सांगते कारण त्याबद्दल सगळेच विचारतात: न्यूयॉर्क शहराच्या सरकारी युनिव्हर्सिटीचं कॉलेज, फी बाकीच्यांच्या तुलनेत बरीच कमी, बॅच लहान, आणि म्हणून प्रवेश अतिशय अवघड. स्वस्त आहे तर सेफ्टी, म्हणजे हमखास मिळणारं, म्हणून टाकू असं करू नका, मी केलं होतं.

तीन होकारांतून निवडताना प्लेसमेंट रिपोर्ट घेऊन बसले आणि तिथे माझी ती रिस्क टीमची नोकरी कामाला आली. समजा रिपोर्ट म्हणतो इतके टक्के मुलांना नोकरी लागली. कशाच्या इतके टक्के? खाली बारीक अक्षरात असतं, नोकरी शोधणाऱ्यांपैकी, आणि माहिती कळवणाऱ्यांपैकी. ज्याला लागली नाही तो कळवेल कशाला. मग तीन महिन्यांत का सहा महिन्यांत. मग अमेरिकेत का मायदेशी परत जाऊन. परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा दिलेला मला एकाच ठिकाणी सापडला, बाकी दोघांना सरळ मेल करून विचारलं. एकाने दिला, एकाने फोनवर बोलू म्हणून पुढे काहीच केलं नाही. माझी निवड तिथेच निम्मी झाली. लिंक्डइनवर मागच्या बॅचच्या पंधरा-वीस जणांची प्रोफाइल बघितली, पहिली नोकरी कुठे, किती महिन्यांनी, पदाचं नाव काय. ट्रेडिंगचे फोटो ब्रोशरवर असतात, जास्तीत जास्त मुलं दिसली ती रिस्क, मॉडेल व्हॅलिडेशन आणि डेटामध्ये. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मी तिथूनच आले होते, पण ज्यांना वाटतं की दोन वर्षांत हेज फंडात बसू त्यांनी ही प्रोफाइलं अर्ज करायच्या आधी बघावीत.

अजून एक गोष्ट बघितली ती म्हणजे सीआयपी कोड. प्रत्येक अमेरिकन डिग्रीला सरकारी यादीतला एक नंबर असतो आणि तो आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, छापलेला असतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकून झालं की ओपीटी नावाच्या परवानगीवर बारा महिने काम करता येतं, आणि डिग्री स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या यादीत असेल तर अजून चोवीस. २७.०३०५, फायनान्शियल मॅथेमॅटिक्स, स्टेममध्ये आहे. ५२.०८०१, नुसतं फायनान्स, नाही. म्हणजे दोन कोर्समध्ये शिकवतील तेच, पण एकात एक वर्ष आणि एकात तीन वर्षं. त्यापुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाला वर्षाला एकूण ८५,००० जागा आणि त्याची लॉटरी, मग तीन वर्षं म्हणजे लॉटरीचे तेवढे जास्त प्रयत्न. हे मेल करून विचारायला लाजू नका, आणि उत्तर लेखी घ्या.

डिपॉझिटचा फास वेगळा. पहिला होकार आला त्यांना तीन आठवड्यांत पैसे भरून जागा पक्की करायची होती, परत न मिळणारे, आणि जिथे मनापासून जायचं होतं तिथला निकाल त्यानंतर दहा दिवसांनी. १५ एप्रिलपर्यंत थांबायची मुभा असते असं ऐकलं होतं, पण तो करार स्कॉलरशिप वा असिस्टंटशिप मिळणाऱ्यांसाठी असतो, आमच्यासारख्या स्वतः पैसे भरणाऱ्यांना तो लागू पडत नाही. मुदत वाढवून द्या म्हणून मेल केला, एक आठवडा मिळाला. ज्या कॉलेजची वाट बघत होते त्यांनाही कळवलं की माझ्यापुढे अमुक तारीख आहे. धमकी नाही, नुसती माहिती. त्यांचं उत्तर आठव्या दिवशी आलं, म्हणजे एक दिवस उशिरा, आणि मी आदल्या रात्री पैसे भरलेले. गेले ते गेले. त्या पैशात दोन चांगले लॅपटॉप आले असते, हे मी अजूनही अधूनमधून मोजते.

मग आय-२०, त्यासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाएवढे पैसे दाखवायचे, कर्जाचं सँक्शन लेटर आणि बँकेचं सर्टिफिकेट. सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन सरकारची यंत्रणा, तिची फी तेव्हा ३५० डॉलर होती, व्हिसाची १८५. सगळी कागदपत्रं फाइलमध्ये लावून, रंगीत कप्पे करून गेले होते. ऑफिसरने फाइलकडे बघितलंही नाही. विचारलं, "फायनान्शियल इंजिनिअरिंग. म्हणजे तुम्ही इंजिनिअर होणार का फायनान्सवाल्या?" मी म्हटलं, इंजिनिअर आहेच, आता पैशांची मशीन कधी बिघडेल ते शोधायला शिकणार आहे. वाक्य घरून पाठ करून नेलेलं नव्हतं, सुचलं. अजून एक प्रश्न कर्जाबद्दल, आणि पासपोर्ट ठेवून घेतला. तीन मिनिटंही झाली नसतील, वर्षभराचं काम.

जूनमध्ये कॉलेजचा मेल आला, क्लास सुरू व्हायच्या आधी ऑनलाइन रिफ्रेशर करायचा, गणित आणि प्रोग्रॅमिंग, शेवटी टेस्ट. मी त्याच रात्री पहिली असाइनमेंट उघडली. पहिला प्रश्न, कुठलीही कोव्हेरियन्स मॅट्रिक्स पॉझिटिव्ह सेमी-डेफिनिट का असते ते सिद्ध करा. माळ्यावरून एम-वनची वही काढली, धूळ झटकून आयगेन व्हॅल्यूचं पान उघडलं. तिथे मी लाल पेनने लिहिलं होतं, "प्रूफ येत नाही परीक्षेला, सोडून देणे."